काळुरामचं व्हय

पुतळी लग्न होऊन धरमतरच्या खाडीकाठच्या पाड्यात आली, तेव्हा माहेरच्या, कासूच्या बायकांनी तिच्या नशिबाचा हेवा केला. सासू नाही, नणंदा नाहीत, नवरा मिठागरावर कामाला, दारूला न शिवणारा आणि बायकोवर हात न उगारणारा. तिची आई धोंडुबाई तर चारचौघींत सांगत सुटली, की माझ्या जावयाच्या तोंडात 'नाय' हा शब्दच नाय. बिचारीला काय ठाऊक, आपण जावयाचं कौतुक सांगत नाही आहोत, त्याचं दुखणं सांगतो आहोत.

काळुराम लहानपणीच पोरका झाला आणि चुलत्याच्या घरी वाढला. वाढला म्हणजे चुलत्याच्या शिव्यांवर वाढला. त्या घरात काहीही सांडलं, फुटलं, हरवलं की चुलता याला समोर उभा करायचा. 'तूच केलंस ना?' असं विचारल्यावर 'व्हय' म्हटलं, की एक थोबाडीत बसून विषय मिटायचा. 'नाय' म्हटलं, की खोटं बोलतोस म्हणून मार सुरू व्हायचा, तो चुलत्याचा हात दुखेपर्यंत. पोरानं जे शिकायचं ते लवकर शिकून घेतलं. पुढं चुलता मेला, पण शिकलेलं काही विसरलं गेलं नाही.

गावालाही त्याच्या या गुणाचा उपयोग सापडला. गावदेवीच्या जत्रेला गुरव गाऱ्हाणं घालायचा. बा देवी, तुझी लेकरं खाडीत उतरतात, त्यांची राखण कर, म्हाराजा. त्यावर सगळ्या गावानं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, काळुराम मात्र असा बुलंद ओरडायचा की पलीकडच्या पाड्यातली कुत्री भुंकायला लागायची. हळूहळू गुरव त्याच्याकडे बघूनच थांबायला लागला. कुणी मोठ्या माणसानं सुरात बोलावं, मधे थांबावं आणि आपण व्हय म्हणून ती जागा भरावी, हे काळुरामच्या अंगात असं मुरलं होतं की त्याला वेगळं काही करता येतं हेच तो विसरून गेला. बाकी वर्षभर गावानं त्याची थट्टाच केली. 'काळू, तू गाढव हायस ना?' 'व्हय.' मग सगळे हसायचे आणि सगळ्यांबरोबर तोही हसायचा. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो, पण माझ्या रागाला आता कोण विचारतो?

पुतळी हुशार होती. मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहून नेताना ती बायकांच्या रांगेत पुढं असायची आणि बोलायलाही पुढंच असायची. नवऱ्याचं व्हय तिला लवकरच ओळखता यायला लागलं. एखादं व्हय म्हणजे नुसतं 'ऐकलं', एखादं म्हणजे 'रागावू नकोस', आणि बरीचशी म्हणजे 'तुझं बोलणं संपलं की मी जाऊ का?' खरा होकार त्यात कधी असायचा आणि कधी नसायचा, हे मात्र तिलाही सांगता यायचं नाही. एकदा तिनं लाडात येऊन विचारलं, मी तुना आवडते का? तो म्हणाला, व्हय. तिनं लगेच विचारलं, मग मी कायमची कासूला निघून जाऊ का? तो म्हणाला, व्हय. पुतळीनं हातातली पळी चुलीपाशी आपटली, आधी हसली आणि मग पाठ फिरवून रडली. पुढं रंभा झाली, पोरगी बापाच्या खांद्यावर बसून मिठागरावर फिरायला लागली, तरी पुतळीच्या मनातली ती सल गेली नाही. या माणसानं आपल्याला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, मग याच्या हो म्हणण्याला काय अर्थ?

पनवेलहून रोह्यापर्यंत रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्या सुमाराची पुढची गोष्ट. मिठागराच्या बांधात खाडीचं पाणी आत-बाहेर करायला एक दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. एकदा उधाणाच्या भरतीला ती उघाडी कुणीतरी नीट लावली नाही आणि खाडी आत घुसली. वाफ्यांत तयार झालेलं पांढरंशुभ्र मीठ बघता बघता विरघळून गेलं. कमळाकर मुकादम तसा वाईट माणूस नव्हता, पण डोक्यात राख घालून घेणारा होता. त्यानं सगळ्यांसमोर काळुरामला धरलं आणि विचारलं, 'काळ्या, उघाडी तूच टाकलीस ना उघडी?'

काळुराम त्या दिवशी मिठागराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पण तो म्हणाला, 'व्हय.'

कमळाकरनं त्याच्या कानाखाली वाजवली आणि उद्यापासून कामावर यायचं नाही असं सांगितलं. ते सगळ्या मिठागरानं पाहिलं. पुतळीनं घरी आल्यावर नवऱ्याला फैलावर घेतलं, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, की मुकादम लय तापला होता गो, व्हय बोललो तवा थंड झाला.

पुढच्या अमावास्येच्या उधाणात कमळाकर उघाडीखालच्या चिखलात मेलेला सापडला. डोकं दगडावर आपटून फुटलं होतं. त्या दगडांवर शेवाळ असतं, चांगले चांगले तिथं घसरतात, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण पोलिसांनी मारामारी कुणाशी झाली होती विचारलं आणि सगळ्यांची बोटं एकाच घराकडे वळली. मोरू नावाच्या एका कामगारानं त्या दिवशी भर दुपारी बांधावरून जाणारा काळुरामसारखा माणूस लांबून पाहिला होता. 'काळुरामच होता ना?' असं फौजदारानं विचारल्यावर मोरूही म्हणाला, व्हय. खाकी कपड्यांसमोर उभं राहून 'सारखा' आणि 'तोच' यांतला फरक समजावून सांगायची हिंमत कुणात असते? कागदावर 'तोच' उतरला.

खरं तर त्या दुपारी काळुराम घरीच होता. अंगणात फाटकं जाळं विणत बसला होता आणि रंभा त्याच्या पाठीवर लोळत होती. पुतळीनं त्याला पेज आणि भाजलेली सुकट वाढली होती. हे तिनं फौजदाराला दहा वेळा सांगितलं. फौजदार नुसता हसला. आरोपीची बायको आणखी काय सांगणार?

लोकांना वाटतं, पोलिसांनी त्याला झोडपलं असेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं असं म्हणायची पाळी आली, कारण वळ दाखवता येतात. त्याला कुणी बोटही लावलं नाही. फौजदार तरुण होता, सभ्य होता. त्यानं काळुरामला बाकड्यावर बसवलं, चहा आणि बटर दिलं आणि प्रश्न विचारले. मुकादमाचा राग आला होता ना? व्हय. सूड घ्यायचा म्हणून बांधावर गेलास ना? व्हय. ढकललंस ना? व्हय. फौजदाराला त्याच्या नोकरीत इतका सरळ गुन्हेगार कधी भेटला नव्हता. आपल्याला खुनी सापडला आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही, आणि त्यानं खोटेपणा केला असं मीसुद्धा म्हणणार नाही. मग जबानी लिहून झाल्यावर त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. सावकाश, एकेका वाक्यावर थांबत, सुरात. उधाणाच्या दिवशी मी बांधावर गेलो. मुकादम एकटाच उघाडीपाशी उभा होता. प्रत्येक थांब्यावर काळुरामनं आपली जागा भरली. गाऱ्हाण्यात भरायचा तशीच.

ठाण्यावर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. ती मॅजिस्ट्रेटसमोर द्यावी लागते. म्हणून त्याला रोह्याला नेलं. पुतळीला ही बातमी कासूला आईकडे गेली असताना कळली. ती रंभाला आईच्या ओटीत टाकून तशीच गाडीत बसली आणि रोह्याला उतरून विचारत विचारत कोर्टाशी पोचली. आत कुणी सोडेना, म्हणून बाहेर उन्हात उभी राहिली. तिला वाटत होतं, आत एक मोठा साहेब बसला आहे, तो माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघेल आणि त्याला कळेल.

साहेबानं सगळं नियमानं केलं. पोलिसांना खोलीबाहेर घालवलं. आरोपीला विचार करायला वेळ दिला. मग कायद्यानं सांगितलेले प्रश्न शांतपणे विचारले. कबुली द्यायलाच पाहिजे असं तुझ्यावर बंधन नाही, हे तुला ठाऊक आहे ना? व्हय. दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, समजलं ना? व्हय. पोलिसांनी तुला मारलेलं नाही, धाक दाखवलेला नाही, बरोबर? व्हय. तू स्वखुशीनं बोलतो आहेस ना? व्हय. निरपराध माणूस अडकू नये म्हणून कायद्यानं एका दाराला इतकी कुलपं लावून ठेवली आहेत, आणि ती सगळी या एका शब्दानं उघडली. 'पोलिसांनी तुला काय केलं?' असं साधं विचारलं असतं, तर कदाचित काळुराम म्हणाला असता, की चहा दिला. पण तसं विचारायची पद्धत नव्हती.

त्याला बाहेर आणलं तेव्हा तो चांगला मोकळा दिसत होता. पुतळी पोलिसाच्या मागं मागं धावली आणि तिनं विचारलं, साहेबानं काय विचारलं?

'काय म्हाईत. साहेब बरा होता गो, वरडला नाय. मी व्हय बोललो.'

पुतळी तिथूनच स्टेशनाकडे वळली. परतीच्या गाडीत बाकावर जागा असूनही ती दाराशीच बसून राहिली.

सरकारनं वकील दिला. गोपाळकृष्ण वकील पेणचे, जुन्या जमीनदार घरातले, आता जमिनी गेल्या आणि घरात सगळे शिकवणारे नाही तर वकिली करणारे. फुकटचं काम म्हणून त्यांनी ते टाळलं नाही. ते अलिबागला तुरुंगात जाऊन काळुरामला भेटले. तू निर्दोष आहेस ना, असं त्यांनी विचारलं आणि तो व्हय म्हणाला. वकिलांना हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तू दिलेली कबुली खोटी आहे? व्हय. की खरी आहे? व्हय. गोपाळकृष्णांनी कपाळाला हात लावला. पण ते डोकं असलेले गृहस्थ होते. पेणला परत आल्यावर त्यांनी आपल्या भाचीला, सुहासिनीला बोलावणं धाडलं.

सुहासिनी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. माणसं न केलेले गुन्हे का कबूल करतात, यावर तिनं पुष्कळ वाचलं होतं आणि ते पुस्तकातच राहतं याची तिला खंतही होती. ती तुरुंगात काळुरामशी दोनतीनदा बोलली. तुझा जन्म दिल्लीचा ना? व्हय. तुला चार बायका आहेत ना? व्हय. विमानात बसला होतास ना? व्हय. ती बाहेर आली ती डोळे पुसतच. हा माणूस प्रश्नाचं उत्तर देत नाही, समोरच्याचा राग टाळतो, हे तिला लख्ख कळलं. याच्याकडून कुणीही काहीही कबूल करून घेऊ शकतं.

मग मामा-भाचीनं मिळून बेत आखला. बेत चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. आरोपीचं म्हणणं ऐकायची वेळ आली, की वकिलांनी न्यायाधीशांना विनंती करायची, साहेब, आपणच याला कधीच न घडलेली एखादी गोष्ट विचारून पाहा. तो त्यालाही व्हय म्हणेल. एकदा भर कोर्टात तसं झालं, की रोह्याच्या कबुलीची काय किंमत उरेल? नंतर सुहासिनी साक्ष देऊन कारण समजावून सांगेल. सगळं त्या एका व्हयवर उभं होतं.

पुतळीला त्यांनी घरी बोलावलं. ती ओसरीवर खाली बसली. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसली नाही. दोघं बराच वेळ बोलत होती, अर्धं तिच्याशी आणि अर्धं एकमेकांशी. कबुलीजबाब, ग्राह्यता, प्रश्नकर्त्याचा प्रभाव. पुतळीच्या कानांवरून शब्द जात होते. एक गोष्ट तिला पक्की उमगली, की नवरा अडकला तो व्हय म्हणून अडकला. हे तिला आधीही ठाऊक होतं, पण आता शिकलेली माणसंही तेच म्हणत होती. शेवटी सुहासिनी तिच्याकडे वळून म्हणाली, 'पुतळीबाई, एकच काळजी घ्यायची. सुनावणी होईपर्यंत त्यांच्या स्वाभाविक प्रतिसादात कुणाचाही हस्तक्षेप होता कामा नये. समजलं ना?'

'व्हय,' पुतळी म्हणाली.

हस्त म्हणजे हात, एवढं तिला कळलं होतं. तुरुंगात कुणी नवऱ्यावर हात टाकू नये म्हणून बाई सांगताहेत, असा तिनं अर्थ लावला आणि तिला बाईंबद्दल माया वाटली. आणि सुहासिनी? तिनं तुरुंगाच्या गजांआड तो शब्द ओळखला होता, त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली होती. तोच शब्द तिच्या मामाच्या ओसरीवर डोक्यावर पदर घेऊन बसला होता, तो तिला दिसला नाही. मी तिला दोष देतो. आणि मग माझ्याच मनात येतं, की ओसरीवर बसलेल्या किती जणींना आपण 'समजलं ना' विचारून उठलो असू.

पुतळीनं त्याच आठवड्यात काम सुरू केलं. तिला वाटलं, वकील त्यांचं करतील, बाई त्यांचं करतील, पण नवऱ्याच्या तोंडात 'नाय' घालायचं काम बायकोचं आहे. भेटीच्या दिवशी ती एसटीनं अलिबागला जायची, जाळीपलीकडे तो उभा राहायचा आणि हिचे प्रश्न सुरू व्हायचे. मुकादमाला तू ढकललास? व्हय. अरे नाय बोल. व्हय. ती वैतागायची, आवाज चढवायची, आणि आवाज चढला की त्याचं व्हय आणखी पटकन यायचं. एकदा तर तिनं जाळीवर कपाळ आपटलं. तू असाच व्हय व्हय करत मरणार, असं ती म्हणाली, आणि त्यालाही तो व्हय म्हणाला. ती घरी आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मिठागरावर आता तिला कुणी पाटी उचलू देत नव्हतं, बायका पाणवठ्यावर तिची घागर लागू देत नव्हत्या, आणि रंभा सारखी विचारायची, बाबा कुठं हाय. तिला वाटायचं, पोरीला घेऊन त्याच उघाडीवरून खाली जावं, म्हणजे सगळंच मिटेल. ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. एकदा ती बांधापर्यंत जाऊनही आली होती.

त्यानंतरच्या भेटीला ती रंभाला कडेवर घेऊन गेली. त्या दिवशी तिला ओरडायचंही त्राण नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, 'हिला खाडीत टाकू?'

काळुरामचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पोरगी जाळीतून त्याच्याकडे बोट घालत होती. मग त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला, बोबडा, कुणीतरी पहिल्यांदाच बोलावा तसा.

'नाय.'

पुतळी मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. कुणीतरी गेलं असं समजून शिपायानं तिला पाणी आणून दिलं. डोळे पुसून ती उठली आणि इतकी वर्षं घशात अडकलेला प्रश्न तिनं विचारला. मी तुना सोडून जाऊ का? 'नाय,' काळुराम म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, 'नाय, नाय.' तो हसतही होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, आणि त्या जाळीपाशी पुतळीला पहिल्यांदा कळलं की हा माणूस आपल्याला धरून आहे.

त्यानंतर सोपं झालं. मोठा साहेब काय पण विचारील, तू काय बोलशील? नाय. लय गोड बोलून विचारील, तरी? नाय. पेणला एकदा वकील भेटले तेव्हा ती अभिमानानं म्हणाली, तो आता चांगला बोलतो. गोपाळकृष्णांना वाटलं, तब्येतीबद्दल सांगते आहे. छान, असं म्हणून ते पुढं गेले.

सुनावणी अलिबागला झाली. फौजदाराची साक्ष झाली, मोरूची झाली, मॅजिस्ट्रेटनं नोंदवलेल्या कबुलीचे कागद वाचून झाले. मग गोपाळकृष्ण उठले. या खटल्यात कबुलीशिवाय काही नाही, ते म्हणाले, आणि या माणसाची कबुली म्हणजे केवळ त्याची सवय आहे. तो कशालाही हो म्हणतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेबांनी स्वतः विचारून पाहावं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, पण न्यायाधीश वयस्क आणि समजूतदार होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पिंजऱ्यातल्या माणसाला अगदी मऊ आवाजात विचारलं.

'काळुराम, गेल्या शिमग्याला रोह्याच्या पुलावरून तू एका माणसाला नदीत ढकललंस. खरं ना?'

असं काही कधी घडलंच नव्हतं. सुहासिनी पुढं वाकून बसली. काळुरामनं एकदा पुतळीकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात म्हणाला, 'नाय.'

मग सुहासिनीनं तुरुंगात विचारलेले प्रश्न गोपाळकृष्णांनी सुचवले आणि न्यायाधीशांनी तेही विचारले. तुला चार बायका आहेत ना? नाय. तू दिल्लीला जन्मलास ना? नाय. कोर्टात कुणीतरी हसलं. कमळाकर मुकादमाला तू ढकललंस ना? नाय. न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि गोपाळकृष्णांकडे नुसतं बघितलं. सरकारी वकिलांना फार बोलायची गरज पडली नाही. आरोपीला प्रश्न उत्तम समजतात, ते म्हणाले, नाही म्हणायचं तिथं तो ठणकावून नाही म्हणतो, मग रोह्याला त्याची जीभ कुणी धरली होती?

पुतळीचा चेहरा फुलून आला होता. सुटला, असंच तिला वाटलं. आपलं सुख वाटून घ्यायला तिनं सुहासिनीकडे पाहिलं, आणि त्या बाईचा पांढराफटक चेहरा बघून तिचं हसू ओठांवरच राहिलं.

बाहेरच्या व्हरांड्यात सुहासिनीनं तिचे दोन्ही दंड धरले. 'तुम्ही शिकवलंत त्याला?'

'व्हय.'

'पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना?'

'व्हय,' पुतळी म्हणाली, आणि आपण कशाला व्हय म्हणतो आहोत हे तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं. सुहासिनीच्या ते लक्षात आलं. तिनं पुतळीचे दंड सोडले. मग तिनं पहिल्यांदाच पुतळीला कळेल अशा शब्दांत सांगितलं, 'आज त्यानं व्हय म्हणायला हवं होतं, पुतळीबाई. आज म्हणाला असता तर सुटला असता.'

पुतळीनं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली आणि दुपारभर तिथून हलली नाही.

सुहासिनीची साक्ष झाली, पण ती ऐकायच्या मनःस्थितीत आता कुणी नव्हतं. बायकोनं त्याला पढवलं होतं, असं गोपाळकृष्णांनी सांगून पाहिलं. त्यावर सरकारी वकील म्हणाले, की म्हणजे आजचं नाय हे पढवलेलं आहे हे तुम्हीच कबूल करता. कुठूनही गेलं तरी रस्ता तिथंच येत होता. पुढं निकालानंतर गोपाळकृष्ण वरच्या कोर्टात जाऊ म्हणाले, आणि ते गेलेही, पण वरच्या कोर्टासमोर माणूस नसतो, कागद असतात. कागदावर रोह्याचं व्हय होतं आणि अलिबागचं नाय होतं, आणि दोन्ही काळुरामच्या विरुद्ध होती.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलं आणि विचारलं, शिक्षेबद्दल तुझं काही म्हणणं आहे? दयामाया मागायची ती शेवटची संधी असते. काळुराम म्हणाला, 'नाय.' जन्मठेप झाली.

त्याला गाडीकडे नेताना शिपायानं क्षणभर थांबू दिलं. पुतळी रंभाला घेऊन पुढं झाली. काय झालं आहे ते काळुरामला अजून नीट उमगलं नव्हतं. साहेब आजही ओरडला नव्हता, त्यामुळं त्याला सगळं बरंच चाललं आहे असं वाटत होतं. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा तो बायकोकडे बघत होता.

'पुतळे, एकदापण चुकलो नाय,' तो म्हणाला. 'बरोबर बोललो ना गो?'

शिपायानं गाडीचं दार उघडलं. पुतळीनं रंभाला घट्ट धरलं, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, 'व्हय.'